दारातून बघायची खोली

बांधकामाच्या धंद्यात त्याला सगळे 'नमुना' म्हणत. त्यात चिडवणं होतंच, पण कामही तेच होतं. नवी इमारत अर्धीमुर्धी उभी राहिली की बिल्डर तळमजल्यावरचं एक घर आधी तयार करून घेतो, येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला. ते नमुना घर सजवून देणं हा त्याचा व्यवसाय. उभ्या आयुष्यात त्याने किती घरं सजवली याची त्यालाही गणती नव्हती, आणि त्यातल्या एकाही घरात कधी कुणी राहिलं नाही. इमारत विकली गेली की नमुना मोडायचा आणि सामान टेम्पोत घालून पुढच्या इमारतीकडे निघायचं.

या कामाची एक रीत असते. पलंग हातभर आखूड करायचा, म्हणजे खोली ऐसपैस वाटते. खोल्यांना दारं लावायची नाहीत, कारण दार उघडायला जागा खातं आणि ते बघणाऱ्याच्या नजरेत येतं. पडदे म्हणजे खिडकीच्या दोन्ही कडांना वीतभर रुंदीच्या पट्ट्या. शेल्फावर थर्माकोलची पुस्तकं, टोपलीत प्लॅस्टिकची सफरचंदं. कपाटाच्या मुठी खऱ्या, कप्पे मात्र नुसते खाचा मारून रंगवलेले. आणि खोलीच्या तोंडाशी एक मखमली दोरी बांधायची.

"खोली दारातून बघायची असते," असं तो सांगायचा. "आत शिरलं की गिऱ्हाईक हात लावत सुटतं, आणि हात लावला की शोभा गेली."

यात आपण कुणाला फसवतो असं त्याला कधी वाटलं नाही. नमुना बघून लोक पसंती देतात, खरं घर मागाहून मिळतं. व्यवहाराची सुरुवात पसंतीपासून होते, असा त्याचा हिशेब होता.

त्याच्या बहिणीचा आणि मेहुण्याचा रस्त्यावरच्या अपघातात एकाच वेळी अंत झाला. मागे राहिली त्यांची एकुलती मुलगी. तिला आधी तिच्या काकाने नेलं. काही महिन्यांनी काकाने हात टेकले आणि त्याने तिला परस्पर मुलींच्या एका संस्थेत ठेवलं. मामाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. संस्थेत मूल घालणं सोपं, बाहेर काढणं अवघड. आता संस्थेतल्या बाई घर पाहणार, त्यांना ते योग्य वाटलं तरच मुलगी मिळणार.

तो दर रविवारी बायकोला घेऊन तिला भेटायला जायचा. बहीण मुलीला 'खारू' म्हणायची, कारण खारीसारखी ती काहीबाही गोळा करून लपवून ठेवायची. बटणं, पेन्सिलींचे तुकडे, चॉकलेटचे चकचकीत कागद, आईच्या पर्सची तुटलेली चेन. संस्थेत तिच्याजवळ बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, आणि तो ती झोपतानाही कुशीत घ्यायची, कारण बाकीच्या मुली उघडून बघायच्या.

"मामा, तुझ्याकडे मला कप्पा असेल?" तिने एकदा विचारलं. दुसरं काही तिने कधी मागितलं नाही.

"एक कशाला? सहा असतील, सहा!" त्याने पटकन सांगून टाकलं.

"सहांत काय ठेवू? एवढं नाहीये माझ्याकडे," ती गंभीरपणे म्हणाली, आणि मामी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई पहिल्यांदा घर बघायला आल्या त्या दिवशी मामाची पार तारांबळ उडाली. घर दोन खोल्यांचं. मागची खोली म्हणजे त्याचं गोदाम. एकावर एक रचलेल्या बुटक्या खुर्च्या, पुठ्ठ्याचा टीव्ही, कापडी फुलांचे भारे. बाईंनी खोक्यातलं एक सफरचंद उचलून दाबलं. ते चेपलं आणि टप आवाज करत पुन्हा फुगलं.

"हे कशाला?"

"दाखवायला, बाई. माझा धंदाच आहे."

"आणि मुलगी झोपणार कुठे?"

"इथेच. हे सगळं हलवीन ना मी."

बाईंचा स्वभाव वाईट नव्हता, पण इतकी घरं बघून त्यांना आता कशाचं कौतुक उरलं नव्हतं. "मुलीची खोली असेल तर आधी मुलीची करा, मग बोला," त्या म्हणाल्या. "तिला दहावं वर्ष पूर्ण होतंय. आमच्याकडे तिथपर्यंतच मुली राहतात. पुढे मोठ्या संस्थेत पाठवतात, आणि ती इथून दिवसभराच्या प्रवासावर आहे. पुढच्या शनिवारी मी एकदा येईन. येताना तिलाही आणेन. त्यानंतर तिचं नाव वर गेलं की माझ्या हातात काही राहत नाही."

त्याला पुढचं सगळं दिसायला लागलं. दिवसभराचा प्रवास म्हणजे रविवारची भेट संपली. वर्षातून एकदा भेट, मग पत्र, मग तेही नाही. ती हळूहळू आपला चेहरा विसरणार, आणि आईचा चेहरा आठवण्यासाठी तिच्याजवळ दुसरा चेहराच नव्हता. भावाबहिणीचं नाक अगदी एकसारखं होतं.

बाई गेल्या तशी बायको म्हणाली, "अहो, सोपं आहे. समोरच्यांकडे लोखंडी खाट पडून आहे, ती मागून आणू. माझी ट्रंक रिकामी करते. खिडकीला धड पडदा शिवते. झालं."

"खाट आणि ट्रंक? ती काय धर्मशाळा आहे?"

"मुलीची खोली आहे."

"बाईंनी शंभर घरं बघितलीत. पहिल्या नजरेत भरलं पाहिजे. एकदा हो म्हणाल्या की मी तिला सागवानाचं करून देईन सगळं. आधी पसंती मिळू दे."

"तुमच्या खोल्यांत आजवर कुणी झोपलंय का?" बायकोने विचारलं. ती त्याच्याच नमुना घरांचे पडदे शिवायची, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता. घाबरलेला माणूस आपल्याला येतं तेच करतो, आणि त्याला एकच गोष्ट येत होती.

नदीपलीकडची एक इमारत नुकतीच विकून संपली होती. तिथल्या नमुना घरातली मुलांची खोली त्यानेच सजवली होती आणि ती त्याच्या सगळ्या कामांत देखणी होती. होडीच्या आकाराचा पलंग, त्याच्या उशाशी निळं शीड. फिकट पोपटी कपाट, त्याला सहा कप्पे आणि प्रत्येकाला पिवळी गोल मूठ. तो अख्खा संच त्याने टेम्पोत घालून घरी आणला. गोदामातला माल एका ओळखीच्या ठेकेदाराच्या शेडमध्ये टाकला. भिंतींना ढगांचा रंग दिला. छताला तारे चिकटवले. आणि खोली लहान दिसते म्हणून दाराची फळी बिजागऱ्यांतून काढून गॅलरीत उभी केली.

संच बसवायला त्याचा जुना मिस्त्री आला होता. त्याने पटाशीच्या मागच्या टोकाने कपाटावर टकटक केलं.

"नमुनाशेठ, हे पोकळ आहे."

"मला माहीत आहे."

"पोरगी येणार ना इथे? मग एक तरी कप्पा कापून खरा करू. वरचा. मागे खोका बसवतो, सरकपट्टी आहे माझ्याकडे."

"कापलं की रंग उडेल. पुन्हा रंग मारला तर शनिवारी ओला राहील. बाईंच्या हाताला लागला तर?"

"लागू दे की. रंग लागला तर धुता येतो."

"तू बस रे हुशारी शिकवत! पलंग भिंतीला लाव आधी."

मिस्त्रीने पलंग लावला. मग त्याच्या कडेवर बसायला वाकला आणि वेळेत सावरला. खाली नुसती खोकी होती, ती त्यानेच पूर्वी ठोकली होती. "आपण आयुष्यभर पलंग केले," तो म्हणाला, "आणि दमल्यावर बसतो जमिनीवर." दोघेही हसले. हसता हसता मामाची नजर कपाटाच्या सहा मुठींवर गेली, आणि त्याने ती तिथून काढून घेतली.

शनिवार उजाडला. पाच वेळा तो खोलीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. तिथून खोली खरोखर सुरेख दिसत होती. पिवळा दिवा, निळं शीड, उशीवर बसवलेला कापडी ससा. त्याला वाटलं, बहीण असती तर म्हणाली असती, दादा, हे तुला कसं सुचलं रे?

बायकोने त्याला न विचारता समोरच्यांची खाट मागून आणली होती आणि घडी करून स्वयंपाकघरात उभी केली होती. "असू दे," ती एवढंच म्हणाली.

बाई आल्या. मागून खारू जिना चढून आली. अंगात तिचा बरा फ्रॉक, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डबा. मामीने तिला जवळ घेतलं तेव्हाही तिने डबा सोडला नाही.

"बघा, बाई," मामा म्हणाला. तो चौकटीशी उभा राहिला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचा हात आडवा झाला, जिथे दोरी असायची तिथे. "इथून बघा. इथून छान दिसतं."

बाईंनी चष्मा सारखा केला. बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, ज्या चेहऱ्याला कशाचं कौतुक उरलं नव्हतं त्यावर, खरोखरीचं आश्चर्य उमटलं. "अरे वा," त्या म्हणाल्या. "मोठीच मेहनत घेतलीत की तुम्ही."

तेवढ्या एका क्षणापुरता तो जिंकला होता.

मग खारू त्याच्या आडव्या हाताखालून आत गेली.

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि सावकाश सगळीकडे बघत फिरली. तारे, ढग, शीड. मग कपाट. तिने ओठ हलवत मुठी मोजल्या. सहा. तिने वळून मामाकडे बघितलं आणि ती अशी हसली की त्याला वाटलं, पायाखालची जमीन आता उघडावी आणि आपल्याला आत घ्यावं.

"ठेव ना तुझं सामान," बाई म्हणाल्या. "तुझाच कप्पा आहे."

तिने पिशवी खाली ठेवली, डबा काखेत धरला आणि वरच्या कप्प्याची मूठ ओढली. कप्पा आला नाही. तिने पुन्हा ओढली, मग दुसऱ्याची, मग सगळ्यात खालची, गुडघ्यावर बसून. खालच्या खाचेत तिने नख घातलं. नखाला फळी लागली. ती तशीच बसून राहिली, त्यांच्याकडे पाठ करून, आणि मामाला तिच्या मानेवरून कळलं की तिला कळलं आहे.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

खारू उठली. "काही नाही, बाई. पावसाने लाकूड फुगलंय. मामा नंतर सैल करून देईल." मग कुणी विचारलं नसताना तिने भरभर बोलायला सुरुवात केली. "पलंग पण खूप छान आहे. मऊ आहे." ती पलंगाजवळ गेली, पलंग करकरू नये अशा बेताने अलगद कडेवर टेकली आणि आडवी झाली. डोकं शिडाला लागलं, पावलं पलंगाबाहेर आली. तिने ती पटकन आत ओढून घेतली. "मी पाय पोटाशी घेऊनच झोपते. मला असंच आवडतं."

"पडदा लाव बघू. ऊन येतंय तोंडावर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

"नको, बाई. मला ऊन आवडतं."

बाई स्वतः खिडकीशी गेल्या, पडद्याची पट्टी हातात धरली आणि सोडून दिली. मग त्या रिकाम्या चौकटीकडे वळल्या. "आणि दार?"

"दार नकोच मला," पलंगावरून खारू म्हणाली.

मामाला आता तिथे उभं राहवेना. त्याने आयुष्यभर लोकांसमोर नमुने उभे केले होते, पण दहा वर्षांची पोर त्याच्यासाठी तोंडभर खोटं बोलत पाय दुमडून पडली आहे, असं काही त्याने कधी उभं केलं नव्हतं. मिस्त्रीची पटाशी खिडकीच्या कट्ट्यावर राहिली होती. ती त्याने उचलली, कपाटाच्या वरच्या खाचेत घातली आणि दाबली. पोपटी फळी कडाडून फुटली. आत काही नव्हतं. मागची भिंतही रंगवलेली नव्हती.

"खोटं आहे, बाई," तो म्हणाला. "सगळंच. कप्पे, पलंग, पडदे, सगळं. ही जे काही बोलतेय ते मला वाचवायला बोलतेय. मला वाटलं होतं, तुम्ही एकदा हो म्हणालात की मग खरं करीन. करणार होतो, बाई. देवाशपथ करणार होतो."

"नाही, तो आज करणार होता," खारू उठून बसत ओरडली. "बाई, तो आजच करणार होता!"

मामीने पलंगावरचा ससा उचलून उगाच छातीशी धरला.

बाई खोलीतल्या छोट्या खुर्चीवर बसायला गेल्या. मग खुर्चीकडे बघून उभ्याच राहिल्या. "अहो, मी सजावट मागितली होती का तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त थकवा. "झोपायला जागा, बंद होणारं दार, वस्तू ठेवायला एखादं खोकं. एवढंच बघते मी. तुमच्या स्वयंपाकघरात खाट दिसली मला येताना. ती इथे का नाही?"

बायकोने त्याच्याकडे बघितलं नाही, आणि ते त्याला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"आज मुलगी माझ्याबरोबर परत येणार," बाई म्हणाल्या. "जे बघितलं ते मला सांगावंच लागेल. सोमवारी नावं वर जातात. त्याआधी, उद्या संध्याकाळपर्यंत, मला फोन करा. इथे काय आहे ते सांगा, काय दिसतं ते नको. मी येईन बघायला. पण वरचे ऐकतील याची मी हमी देत नाही. एकदा असं झाल्यावर कुणी ऐकत नाही, हेही सांगून ठेवते."

"ऐकतील ना, बाई? तुम्ही याल ना?" मामी म्हणाली.

"मी येईन म्हटलं ना."

खारूने पिशवी उचलली. मग डबा मामापुढे धरला. "हा इथे ठेवते. तू सांभाळ."

त्याचे हात पुढे झाले. पण बाई मधेच म्हणाल्या, "नको बाळ. डबा तुझ्याजवळच असू दे. अजून काही ठरलेलं नाही." त्या कठोरपणे बोलल्या नाहीत. त्याने तो डबा घेतला नाही, आणि दोन्ही हात तसेच रिकामे पुढे राहिले.

"बाई, एक मिनिट थांबता?" त्याने विचारलं. खिशातला टेप काढला. आयुष्यभर त्याने या टेपने खोल्या मोजल्या होत्या, पलंग किती आखूड करता येईल ते मोजलं होतं. भाचीची उंची त्याला माहीत नव्हती. "इकडे ये, खारू. चौकटीला पाठ लाव."

ती येऊन उभी राहिली, डबा पोटाशी. त्याने कानावरची पेन्सिल घेतली आणि तिच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला. काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं. माप कमी येत होतं. मग त्याने खाली बघितलं. फ्रॉकच्या आत तिने गुडघे वाकवले होते. ती चौकटीला टेकून, श्वास रोखून, स्वतःला त्या पलंगाएवढी करत होती.

"गुडघे सरळ कर गं."

"मग नाही मावणार मी त्यात."

"नकोच मावू. तो फेकायचाय."

"आणि मला नाही आणलं तर? मग कशाला फेकतोस? राहू दे ना तो. दिसतो छान."

"सरळ हो, बाळा," तो म्हणाला. "तू आहेस तेवढी उभी राहा."

ती हळूहळू सरळ झाली. तळहात वर सरकत गेला, त्याच्या अंदाजाच्याही बराच वर, आणि नुकत्याच पांढऱ्या केलेल्या चौकटीवर त्याने पेन्सिलीची जाड, वाकडी रेघ मारली. ज्याने रंगावर कधी कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं, त्याने.

"चला, बस जाईल," जिन्यातून बाईंचा आवाज आला.

खारूने एकदा वळून त्या रेघेकडे बघितलं आणि ती गेली. जिना उतरताना डब्यातली बटणं वाजत होती. तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला, मग रस्त्याच्या आवाजात मिसळला.

बायको गॅलरीतून दाराची फळी ओढत आणत होती. एकटीला ती पेलत नव्हती.

"अहो, बघत काय राहिलात? धरा ना त्या बाजूने."

त्याने धरलं. बिजागऱ्यांचे स्क्रू कुठे ठेवले होते, ते त्याला काही केल्या आठवेना.